हिरवी शाल, लाल बिल्ला

१९९९ च्या उन्हाळ्यात चारशेहून अधिक भारतीय शेतकरी बसगाड्यांत बसून युरोप फिरले. बहुतेक कर्नाटकातले, खांद्यावर राज्य रयत संघाची हिरवी शाल. सोबत पंजाबातले काही पगडीवाले आणि इतर देशांतले मोजके साथी. मुक्काम कधी रिकाम्या इमारतींत बिऱ्हाड मांडलेल्या तरुण पोरांकडे, कधी एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात. जिनिव्हात ते जागतिक व्यापार संघटनेच्या दारात जाऊन उभे राहिले. फ्रान्समधल्या मोंपेलिए इथं ५ जूनला जोझे बोव्हे यांच्या शेतकरी संघटनेबरोबर त्यांनी एका संशोधन केंद्रातली जनुकबदल केलेली भाताची रोपं उपटली. शेवटचा टप्पा जर्मनीतलं कोलोन. तिथं जगातल्या आठ बड्या देशांचे प्रमुख जमले होते. त्यांच्यासमोर घोषणा न देता नुसतं खदखदून हसायचं, असा बेत होता. दात काढणाऱ्या माणसाला कोणत्या कलमाखाली आत टाकायचं, असा प्रश्न पोलिसांना पडावा, ही त्यामागची खोडी.

माझ्या बाबांना तेव्हा कुणी हे सांगितलं असतं, तर तेही हसले असते. पण या शेतकऱ्यांच्या बाजूने नव्हे. आमच्या घरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेपासून फार लांब नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. म्हणजे कास्तकाराने पिकवलेला कापूस फक्त सरकारला द्यायचा, चुकारा हप्त्यांनी यायचा, आणि कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी. पलीकडे पांढुर्ण्याला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळत असले, तरी मधे नाकं होतं आणि नाक्यावर शिपाई. आपल्याच वावरातला आपलाच कापूस रात्री चोरासारखा सीमेपार न्यायचा, असे दिवस बाबांनी काढले. त्यामुळे 'मुक्त व्यापार' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जिनिव्हा नव्हतं, ते नाकं होतं. शरद जोशी सभेत म्हणाले की शेतकऱ्याच्या पायातली बेडी सरकारने घातली आहे, तेव्हा बाबांना त्यात सिद्धांत दिसला नाही. रोजचा अनुभव दिसला.

मुक्त व्यापाराविरुद्ध जगभर उभ्या राहिलेल्या जनसंघटनांविषयी मराठीत जे लिहिलं जातं, त्यात हा माणूस सहसा नसतो. एका बाजूला बहुराष्ट्रीय कंपन्या, दुसऱ्या बाजूला जगातले गोरगरीब, असं साधं चित्र असतं. माझी सहानुभूती बऱ्याच अंशी त्या चळवळीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तिने माझ्या बाबांच्या प्रश्नाला बगल दिली, आणि ती विरत गेली याच्या कारणांपैकी हे एक मोठं कारण आहे, असं माझं मत आहे.

हिरवी शाल आणि लाल बिल्ला यांची गोष्ट एकाच वर्षी सुरू होते. १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते अडवले गेले, आणि त्याच वर्षी धारवाडकडच्या नरगुंदला पाणीपट्टी-विकासकराविरुद्ध शेतकरी उठला. इकडे शरद जोशी, तिकडे प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी. दोघांत साम्य किती असावं! एक स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघाच्या कचेरीतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसलेला. दुसरा कायद्याचा प्राध्यापक. दोघांनाही इंग्रजी उत्तम, दोघांनाही जगाचं भान, दोघांचाही दिल्लीवर राग. ऐंशीच्या दशकात वेगवेगळ्या राज्यांतल्या शेतकरी संघटनांची समन्वय समिती झाली, तिच्यात दोघं एकत्र होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा कन्नडमध्येही खपली असती.

मग डंकेल प्रस्ताव, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेला जन्म देणाऱ्या गॅट वाटाघाटींचा मसुदा, आला आणि रस्ते फुटले. नंजुंडस्वामींनी डिसेंबर १९९२ मध्ये बंगळूरला कारगिल या अमेरिकी कंपनीच्या बियाणे कचेरीतली कागदपत्रं रस्त्यावर आणून जाळली. पुढच्या वर्षी बळ्ळारीला त्याच कंपनीच्या उभ्या राहत असलेल्या केंद्राची मोडतोड झाली. १९९६ ला तळलेली कोंबडी विकणाऱ्या अमेरिकी दुकानाची पाळी आली. १९९८ च्या नोव्हेंबरात रायचूर जिल्ह्यात बीटी या जनुकबदल केलेल्या कापसाच्या चाचणीचे प्लॉट पेटवले, मोहिमेचं नाव 'मोन्सॅन्टोचं दहन', म्हणजे ते बियाणं आणणाऱ्या अमेरिकी कंपनीचं. जोशी नेमकं उलट बोलत होते. डंकेल येऊ द्या, दारं उघडा, कारण गॅटच्या वाटाघाटींत भारत सरकारने स्वतःच दिलेल्या आकड्यांवरून दिसतं की इथल्या शेतकऱ्याला मिळणारं साहाय्य शून्याच्याही खाली, उणे आहे. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नाही, त्याच्याकडून काढून घेतं. बाहेरचा भाव मिळू दिला असता तर तो यापेक्षा बरा होता. हा युक्तिवाद अजून कुणी खोडून काढलेला नाही. लोक त्याला टाळून पुढे जातात एवढंच.

बियाण्याबाबत तर गंमतच झाली. जे वाण कर्नाटकात सत्याग्रह म्हणून जाळलं गेलं, त्याच्या पुढच्या पिढीचं, तणनाशकाला दाद न देणारं आणि सरकारी मान्यता नसलेलं वाण जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने सत्याग्रह म्हणूनच पेरलं. दोन्हीकडे कायदेभंग, दोन्हीकडे गांधींचं नाव.

नंजुंडस्वामींना दाद द्यायला हवी ती एका गोष्टीसाठी. भांडण जिनिव्हात ठरत असेल तर जिनिव्हापर्यंत जावं लागेल, हे भारतातल्या फार कमी शेतकरी नेत्यांना सुचलं. १ जानेवारी १९९४ ला उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापार करार लागू झाला, आणि त्याच पहाटे मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापातिस्ता बंडखोरांनी शस्त्रं उचलली. मक्याच्या भाकरीवर जगणाऱ्या आदिवासींच्या दारात अमेरिकेतला सरकारी अनुदानावर पोसलेला मका येणार होता. पुढे १९९६ ला त्यांनी जगभरच्या लोकांना आपल्या जंगलात बोलावलं, १९९७ ला तशीच बैठक स्पेनमध्ये झाली, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये जिनिव्हात 'पीपल्स ग्लोबल ॲक्शन' या नावाचं जाळं जन्माला आलं. त्यात ब्राझीलचे भूमिहीन, फिलिपिन्सचे कुळं-शेतकरी, नायजेरियातले ओगोनी, कॅनडातले टपाल कामगार आणि आपला रयत संघ. (टपाल संघातून उठून आलेला आपला माणूस विरुद्ध बाजूला, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) या जाळ्याला सभासद नव्हते, अध्यक्ष नव्हता, आणि त्याच्या वतीने कुणी बोलू शकणार नाही असा नियम होता. एक ठरावीक दिवस घ्यायचा आणि त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या गावी आपापल्या रीतीने उठाव करायचा. मे १९९८, १८ जून १९९९, आणि मग ३० नोव्हेंबर १९९९. या शेवटच्या दिवशी अमेरिकेतल्या सिएटलचे रस्ते अडले आणि जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापारमंत्र्यांची परिषद पहिल्याच दिवशी रखडली. पुढच्या तीन दिवसांत ती मोडली, त्याला आफ्रिकेतल्या प्रतिनिधींचा वैतागही तितकाच कारण होता. बंद खोलीत मोजक्या देशांनी मसुदा करायचा आणि बाकीच्यांनी बाहेर चहा प्यायचा, हे त्यांना असह्य झालं होतं. रस्ता आणि सभागृह एकाच वेळी नाही म्हणाले, तेव्हा ते घडलं.

सिएटलची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्याच्या तीन महिने आधी, ऑगस्टमध्ये, बंगळूरला याच जाळ्याची दुसरी परिषद झाली होती. तिची आठवण कुणाला नाही. मला ती सिएटलपेक्षा महत्त्वाची वाटते. एक अडचण तिथे उघड बोलली गेली. मुक्त व्यापाराला विरोध करणारे सगळेच आपले नव्हेत. परदेशी माल नको, परदेशी माणूस नको, परका धर्म नको, असं म्हणणारेही त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच घोषणा देत उभे असतात. म्हणून त्या परिषदेत ठरलं की नुसतं कराराला विरोध करून भागणार नाही. पितृसत्ता, वंशवाद, धर्मांधता यांनाही तितकाच स्पष्ट नकार द्यायचा. दूरदृष्टीचा निर्णय होता, पण कागदावरच राहिला. कारण रस्त्यावर ओरडायला 'कराराला विरोध' सोपं जातं. त्याच्या शेपटीला जोडलेल्या अटी कुणी ओरडत नाही.

परिणाम पाहा. पॅसिफिक भागातल्या बारा देशांच्या व्यापार कराराविरुद्ध अमेरिकेतल्या कामगार संघटना आणि डाव्या मंडळींनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. २३ जानेवारी २०१७ ला अमेरिका त्यातून बाहेर पडली ती डोनाल्ड ट्रम्प यांच्या सहीने. चळवळीची मागणी मान्य झाली आणि चळवळ हरली. घोषणा चोरीला गेली, कारण ती कुणालाही उचलता येईल अशी दारात ठेवलेली होती.

२००४ च्या जानेवारीत मी मुंबईला होतो, शिकत होतो. १६ ते २१ तारखेला गोरेगावच्या नेस्को मैदानात जागतिक सामाजिक मंच, म्हणजे जगभरच्या अशा चळवळींचा मेळावा, भरला. हजारो माणसं, धूळ, ढोल, तिबेटी भिक्षू, दलित पथनाट्यं, कोरियन शेतकऱ्यांची तालबद्ध मिरवणूक. फोर्ड फाउंडेशनचा पैसा नाकारून भरवलेला तो मेळावा होता, हे विसरू नये. तरी हायवेच्या पलीकडच्या मैदानात 'मुंबई रेझिस्टन्स' नावाचा दुसरा मेळावा होता, आणि त्यांच्या मते अलीकडचा मेळावा एनजीओवाल्यांची जत्रा होती. मी दोन्हीकडे गेलो. खरं सांगायचं तर पलीकडच्यांची टीका अर्धी बरोबर होती. अलीकडे चर्चासत्रं इतकी की तंबूंचा नकाशा लागायचा. आणि दुभाषाची कानयंत्रं लावून लोक एकमेकांना जे सांगत होते, ते बहुतेकांना आधीच पटलेलं होतं.

तिथं ली क्यूंग-हे यांचं नाव सतत कानावर पडायचं. चारच महिने झाले होते. १० सप्टेंबर २००३ रोजी मेक्सिकोतल्या कानकूनला व्यापार परिषद सुरू झाली, त्या दिवशी हा कोरियन शेतकरी नेता पोलिसांच्या कुंपणावर चढला. अंगावर फलक होता: जागतिक व्यापार संघटना शेतकऱ्यांना मारते. त्याने स्वतःच्या छातीत चाकू खुपसला. डोंगराळ भागात त्याने नमुन्याचं शेत उभं केलं होतं, गुरं पाळली होती, लोक तिथं शिकायला येत. सरकारने ऑस्ट्रेलियातली गुरं येऊ दिली, भाव कोसळला, कर्ज फिटेना, शेत गेलं.

आता त्याच परिषदेतली दुसरी गोष्ट. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे पश्चिम आफ्रिकेतले चार गरीब कापूसवाले देश कानकूनला एक मागणी घेऊन आले होते. अमेरिका आपल्या जेमतेम पंचवीसेक हजार कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचं अनुदान देते, त्याने जगातला भाव पडतो, ते अनुदान थांबवा. म्हणजे खरा मुक्त व्यापार आणा! उत्तरादाखल आलेल्या मसुद्यात त्यांना सुचवलं गेलं की तुम्ही कापसाऐवजी दुसरं काही पिकवायचा विचार करा. वर्ध्याच्या बाजार समितीत व्यापारी असंच बोलतो: परवडत नसंल तर पेरता कशाला?

एकाच कुंपणाबाहेर एक शेतकरी व्यापाराची दारं उघडल्यामुळे मेला, आणि कुंपणाच्या आत चार देश दारं पुरती उघडा म्हणून विनवत होते. दोन्ही खरं होतं. चळवळीने पहिल्याचं छायाचित्र झेंड्यावर घेतलं, आणि दुसऱ्यांना पाठिंबा दिला तरी त्यांचं म्हणणं आपल्या मांडणीत कुठे बसवायचं ते तिला समजलं नाही. ते बसवायला गेलं तर कबूल करावं लागलं असतं की जगातल्या पुष्कळ शेतकऱ्यांचं भांडण व्यापाराशी नाही. व्यापाराचा नळ दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्याशी आहे.

नळ कुणाच्या हातात, हे नाशिकच्या कांद्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर आला. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, बंदी उठली पण शुल्क राहिलं. ते पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडला. लासलगावच्या शेतकऱ्याला हे सगळं लिलावाच्या वेळी कळत होतं. जागतिकीकरणविरोधी मेळाव्यात त्याने जाऊन काय म्हणावं? दुबईचं गिऱ्हाईक मला हवं आहे, असं तो म्हणाला तर तंबूत शांतता पसरेल.

जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात बाराव्या कलमात याबद्दल चार ओळी आहेत. अन्नधान्याची निर्यात रोखायची असेल तर रोखणाऱ्या देशाने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा, शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी. ढाक्यातल्या गिऱ्हाइकाची काळजी त्यात आहे, हे चांगलंच. पण ज्याने कांदा पिकवला, त्याचा उल्लेख नाही. त्या करारावर सह्या झाल्या तेव्हा शेतकरी खोलीत नव्हता, त्याची ही खूण.

दुसरीकडे, जोशींच्या अनुयायांनाही मला एक विचारायचं आहे. तुम्ही ज्या खुल्या बाजाराचं स्वप्न पाहिलंत तो आहे कुठे? ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेतच खटला भरला आणि जिंकला. अनुदान संपलं का? २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मालीच्या शेतकऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही, आर्वीच्या शेतकऱ्यालाही नाही. जागतिक व्यापार संघटनेत आपल्या हमीभावाचं मोजमाप अजून १९८६-८८ च्या जागतिक किमतींशी होतं, हा आणखी एक चमत्कार. आजचा रुपयातला भाव आणि चार दशकांपूर्वीचा भाव यातला सगळा फरक 'अनुदान' म्हणून भारताच्या नावे मांडला जातो. असला ताळा गावच्या सोसायटीत कुणी लिहिला तर सचिवाला घेराव पडेल. बाजार खुला करा एवढं म्हणून हा कायदा बदलत नाही. तिथं जाऊन भांडावं लागतं, आणि एकट्याने नव्हे. म्हणजे पुन्हा नंजुंडस्वामींच्या बसमध्ये चढावं लागतं.

एकत्र भांडून काय मिळतं याचा सगळ्यात चांगला नमुना बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात आहे. १९९९ मध्ये तिथला पाणीपुरवठा बेक्टेल या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा असलेल्या कंपनीला चाळीस वर्षांसाठी दिला गेला. नवा कायदा असा की लोकांनी स्वतः वर्गणी काढून खोदलेल्या विहिरीही त्याच्या कक्षेत याव्यात. पाणीपट्टी भरमसाट वाढली. जानेवारी ते एप्रिल २००० शहर पुन्हा पुन्हा बंद पडलं. बुटाच्या कारखान्यातला कामगार ऑस्कर ऑलिव्हेरा, पाटकरी शेतकरी, फेरीवाले, विद्यार्थी सगळे एकाच समितीत. एप्रिलमध्ये कंपनी पळाली. पळून तिने बोलिव्हियावर भरपाईचा दावा ठोकला तो वॉशिंग्टनच्या लवादात, जिथं कोचाबांबाच्या माणसाला आत जायचीही सोय नव्हती. इथं जगभरचे साथी उपयोगी पडले. कंपनीच्या दारात, भागधारकांच्या दारात, वर्तमानपत्रांत इतका तगादा लागला की जानेवारी २००६ मध्ये दावा दोन बोलिव्हियानोंना, म्हणजे अगदी नावापुरत्या रकमेला, मिटला.

ही लढाई जिंकली गेली कारण मागणी मोजून-मापून घेतलेली होती. हा करार, हा कायदा, ही विहीर. भांडवलशाही नष्ट करा अशी नव्हती. नर्मदा खोऱ्यात महेश्वर धरणाचं हेच झालं. निमाडच्या बायकांनी धरणाच्या जागी ठिय्या दिला आणि जर्मनीतल्या साथींनी तिथल्या वीज कंपन्यांना इतकं हैराण केलं की १९९९ मध्ये त्यांनी अंग काढून घेतलं. पण कोचाबांबाची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. पाणी पुन्हा सरकारी संस्थेकडे आलं आणि दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत वर्षानुवर्षं टँकरच येत राहिला. कंपनी गेली, गळका नळ राहिला. जुन्या सरकारी व्यवस्थेबद्दल बाबांच्या मनात जो राग होता तो खोटा नव्हता, हे मला तिथंही दिसतं.

भारतात अशी मोजलेली मागणी फारशी झाली नाही. एकदा मात्र झाली. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आशिया-पॅसिफिकच्या प्रादेशिक व्यापार करारातून अंग काढलं. त्याआधी काही महिने दूध संघ, अमूल, डाव्या शेतकरी संघटना, स्वदेशी जागरण मंच, सगळे एकाच गोष्टीवर बोट ठेवत होते: न्यूझीलंडची दूध भुकटी. आपल्याकडे दोन-तीन जनावरांवर संसार चालवणारी बाई आणि तिकडे जवळपास सगळं दूध निर्यातीसाठीच काढणारा देश, ही बरोबरी कशी व्हायची? मागणी एका वाक्यात सांगता येत होती, डेअरीवर समजत होती, म्हणून ती टिकली. पण वाटाघाटी चालू असेपर्यंत मसुदा कुणालाही अधिकृतपणे पाहायला मिळाला नाही. फुटलेल्या कागदांवरून लोक अंदाज बांधत होते.

हीच माझ्या मते खरी गाठ आहे. आपल्या राज्यघटनेत शेती हा राज्यांचा विषय. परदेशाशी करार मात्र केंद्र सरकार करतं, आणि त्याला संसदेची मंजुरी लागत नाही. युरोपात व्यापार कराराला तिथल्या संसदेची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे विधानसभेला तर विचारतही नाहीत. कापूस, कांदा, संत्रं, दूध यांच्यावर सही होते आणि मुंबईतल्या सभागृहात त्याची चर्चा वर्तमानपत्र वाचून होते. मुक्त व्यापाराचा विरोधक असो की समर्थक, या मुद्द्यावर दोघांनी एकत्र यायला काय हरकत आहे? करार व्हायच्या आधी मसुदा मराठीत, कन्नडमध्ये लोकांसमोर ठेवा. राज्याचं मत घ्या. आयात शुल्क, निर्यातबंदी, किमान दर, जे काही करायचं ते पेरणीआधी जाहीर करा, आणि पीक घरात येईपर्यंत बदलू नका. बदललंच तर फरक भरून द्या. लाल बिल्ला आणि हिरवी शाल, दोघांनाही यात स्वतःचं म्हणणं सापडेल.

एवढ्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटन कशाला, असं कुणी विचारेल. एवढ्यासाठीच हवं. फक्त ते देशांच्या झेंड्यांखाली किंवा विचारसरणीच्या तंबूत न होता पिकाच्या नावाने व्हावं. यवतमाळचा, मालीतल्या सिकासोचा आणि गुजरातमधल्या राजकोटचा कापूसवाला यांचा शत्रू आणि हिशेब बराचसा एक आहे. वऱ्हाडच्या कापसाला हे नवीन नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने इथला भाव आकाशाला भिडवला आणि युद्ध संपताच जमिनीवर आपटला. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजाराची तार खामगावच्या भावावर हुकूम चालवत होती. जागतिकीकरण १९९१ ला आलं, ही शहरात राहणाऱ्यांची समजूत आहे.

नंजुंडस्वामी ३ फेब्रुवारी २००४ ला गेले, गोरेगावचा मेळावा उठून दोन आठवडेही झाले नव्हते. शरद जोशी डिसेंबर २०१५ मध्ये. दोघांच्याही संघटनांचे त्यांच्या हयातीतच तुकडे पडू लागले होते.

गोरेगावहून मी घरी गेलो तेव्हा बाबांना ली क्यूंग-हे यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ते हळहळतील किंवा वाद घालतील. ते बराच वेळ पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांची मोळी बांधत राहिले. मग विचारलं, "तेच्याकडं वावर किती होतं?" मला माहीत नव्हतं. "कर्ज बँकेचं, का सावकाराचं?" तेही नीट सांगता आलं नाही. सहा दिवस त्या माणसाचं नाव ऐकून आलो होतो आणि एवढंही कळलेलं नव्हतं. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. "ते ऑस्ट्रेलियातले ढोरं... माल आला, का आनला?"

१८ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लादायचं ठरवलं होतं, कापड गिरण्या धास्तावल्या होत्या. सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली; म्हणजे आमची पहिली वेचणी बाजारात यायची तेवढा सगळा काळ. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. अमेरिकेने आपल्या दाराला कुलूप लावलं आणि त्याची भरपाई म्हणून आमच्या वावराचं कुंपण उघडलं गेलं. ही बातमी बाबांना मीच फोनवर वाचून दाखवली. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, लाल बिल्ला कुठल्या तरी डब्यात आहे. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "आनला."